दमास्कस १८४० वाचायला बसताय? आधी दोन कोरे कागद घ्या

एकोणिसाव्या शतकात युरोपातले ज्यू परदेशातल्या ज्यूंसाठी कसे धावून गेले हे नेटवर शोधायला गेलात की दोन मिनिटांत "हे सगळे आतून एकच" टाइप कचरा समोर येतो. तो सोडा आणि एकच केस धरा.

पहिल्या कागदावर मधोमध लिहा: दमास्कस, फेब्रुवारी १८४०. फादर थॉमस नावाचा कॅपुचिन (कॅथलिकांमधला एक पंथ) पाद्री आणि त्याचा नोकर गायब झाले, आळ ज्यूंवर, की विधीसाठी रक्त काढलं, मग धरपकड, छळ, त्यात काहीजण मेलेसुद्धा. आता कडेने माणसं मांडा, पण नावापुढे नुसतं "ज्यू" लिहून थांबू नका, कुठल्या देशाचा आणि कुणाचं दार ठोठावू शकतो तेही लिहा. लंडनच्या मोझेस माँटेफिओरींना ब्रिटिश सरकारचा पाठिंबा मिळाला, पण पॅरिसचे वकील अदोल्फ क्रेमिओ यांची पंचाईत बघा, आरोपाला हवा देणारा दमास्कसमधला कॉन्सुल त्यांच्याच फ्रान्सचा! तरी दोघं अलेक्झांड्रियाला गेले, कारण सिरिया तेव्हा इजिप्तच्या मुहम्मद अलीच्या ताब्यात होता.

मग हुकमातले शब्द तपासा, हे लोक नेमकं विसरतात. मुहम्मद अलीने काढलेल्या सुटकेच्या हुकमात आधी 'माफी' असं होतं. माफी म्हणजे गुन्हा केलाच होता ना? सोबत अरबी-तुर्की जाणणारे होते म्हणून ते लक्षात आलं आणि शब्द बदलून घेतला, मगच विषय संपला. नोव्हेंबरात ऑटोमन (तुर्की) सुलतानाने फर्मान काढून रक्ताचा आरोपच खोटा ठरवला.

दुसऱ्या कागदावर हरलेली केस: इटलीतलं बोलोन्या, तेव्हा पोपच्या राज्यात, १८५८. मोलकरणीने गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्यावरून ज्यू घरातल्या ६ वर्षांच्या एडगार्डो मोर्ताराला पोपच्या पोलिसांनी घरातून उचललं. माँटेफिओरी पुढच्या वर्षी रोमला गेले, पोप नववे पायस भेटलेच नाहीत, मुलगा आईबापांना परत मिळाला नाही.

इथून बाण काढा १८६० च्या पॅरिसकडे. दरवेळी एखाद्या वजनदार माणसाने जहाजात बसून धावायचं हे पुरेनासं झालं होतं, म्हणून अलायन्स इस्राएलित युनिव्हर्सेल ही देशोदेशीच्या ज्यूंना मदत करणारी संस्था उभी राहिली, पुढे क्रेमिओच तिचे अध्यक्ष झाले, आणि १८६२ मध्ये मोरोक्कोत तेतुआनला तिची पहिली शाळा निघाली. लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशन १८७१ ची, आणि हिची मदत मुंबईत बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, शाळेपर्यंत पोचली, म्हणजे तिसरा कागद मराठीतूनच सुरू करता येईल.