आरव्हीतील पाण्याच्या नळ्या हिवाळ्यासाठी रिकाम्या करताना या चुका टाळा

मिनेसोटा, मिशिगन किंवा कॅनडातील ओंटारियोमध्ये आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, बाळगणाऱ्याने पहिल्या कडक थंडीआधी गाडीतील पाणी काढलेच पाहिजे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पेक्स या लवचीक प्लास्टिकची नळी थोडाफार ताण सहन करते. परंतु तिचे जोड, नळांच्या आतील भाग, पंपाचे प्लास्टिकचे डोके आणि फिल्टरचे भांडे तडकते. बर्फ वितळेपर्यंत ही तड लक्षात येत नाही, आणि वसंत ऋतूत पाणी सोडल्यावर भिंतीआड गळती सुरू होते.

सर्वाधिक चुका वॉटर हीटरपाशी होतात. बायपास व्हॉल्व्ह (हीटरला वगळून पाणी पुढे नेणारी झडप) न फिरवता अँटिफ्रीझ (नळ्यांचे गोठण्यापासून रक्षण करणारा गुलाबी द्रव) सोडले, तर आधी हीटरची ६ किंवा १० गॅलनची टाकी भरते. एरवी बहुतेक गाड्यांना २ ते ३ गॅलन पुरते. बाटल्यांमागून बाटल्या संपूनही गरम पाण्याच्या नळातून गुलाबी द्रव येत नसेल, तर प्रथम हा व्हॉल्व्ह तपासावा. टाकी रिकामी करण्याआधी गॅस आणि वीज बंद करून पाणी थंड होऊ द्यावे व गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडावा, नाहीतर बूच काढताच उकळते पाणी अंगावर येते. रिकाम्या टाकीत विजेचा हीटर चालू राहिल्यास त्याची कॉइल काही क्षणांत जळते, म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवावी.

केवळ हवेच्या दाबाने नळ्या फुंकून काढल्या की काम झाले, असे अनेकजण मानतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण पंपात आणि सखल वळणांत पाणी उरतेच. हवेचा दाब ४० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आत ठेवून फुंकावी आणि त्यानंतर अँटिफ्रीझही फिरवावे. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, आरव्हीसाठीचेच असावे. मोटारीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि पिण्याच्या नळीत ते कदापि घालू नये. आरव्हीच्या अँटिफ्रीझमध्ये पाणीही मिसळू नये, कारण डब्यावर लिहिलेले उणे ५० अंश फॅरनहाइट हे संरक्षण न मिसळलेल्या द्रवाचे असते. याच कारणासाठी गोड्या पाण्याची टाकी आधी पूर्ण रिकामी करावी.

बाहेरचा शॉवर, शौचकूपाचा व्हॉल्व्ह आणि बाहेरून पाणी घेण्याची जोडणी हमखास विसरली जाते. सिंक व शॉवरखालच्या वाकड्या नळीतही पेलाभर अँटिफ्रीझ ओतावे.

पंप चालतो पण द्रव ओढत नाही, असे झाल्यास ओढणाऱ्या नळीचा जोड सैल होऊन हवा शिरत असण्याची शक्यता मोठी असते. वसंत ऋतूत सर्व नळ बंद असतानाही पंप अधूनमधून सुरू होत असेल, तर बहुधा कुठेतरी गळती आहे असे समजून पंप बंद करावा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागदी रुमाल फिरवून ओल शोधावी. सुरुवात बाहेरच्या शॉवरपासून करावी.