शेजारच्या लहान भूखंडावर मोठे घर होणार असेल, तर हरकत कशी मांडावी

शेजारचे जुने बैठे घर पाडून त्याच जागी कितीतरी मोठे घर उभे राहणार असल्याचे कळले, की मनात अस्वस्थता येते आणि ती रास्तही असते. मात्र ‘एवढे मोठे घर इथे शोभत नाही’ ही तक्रार नियोजन प्राधिकरणापुढे, म्हणजे बांधकामाचा नकाशा मंजूर करणाऱ्या संस्थेपुढे, सहसा टिकत नाही. आपल्या भूखंडावर नियमांच्या चौकटीत बांधकाम करण्याचा अधिकार मालकाला असतो, आणि त्या बांधकामामुळे आपला उजेड, खासगीपणा, पाण्याचा निचरा व घराचा पाया धोक्यात येऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्याला असतो. म्हणून हरकत घराच्या मोठेपणावर घेऊ नये. त्या मोठेपणाचा जो परिणाम मोजून दाखवता येतो, त्यावर घ्यावी. तीही शक्यतो नकाशा मंजूर होण्यापूर्वीच घ्यावी, कारण एकदा जोते बांधून झाले की भिंत मीटरभर मागे सरकणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

सर्वप्रथम बांधकामाचा नकाशा पाहावा. बऱ्याच ठिकाणी तो प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा संकेतस्थळावर पाहता येतो. तशी सोय नसल्यास मालकाकडे सरळ मागावा. नकाशात चटई क्षेत्र निर्देशांक (सर्व मजल्यांचे मिळून क्षेत्रफळ भूखंडाच्या किती पट, ते प्रमाण), सामासिक अंतरे (भूखंडाच्या हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा), भूखंडाचा बांधकामाने व्यापलेला भाग आणि एकूण उंची तपासावी. तीनशे चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक 1 असेल, तर हिशेबात धरले जाणारे चटई क्षेत्र तीनशे चौरस मीटर होते. परंतु तळघर, वाहनतळ, जिना किंवा पोटमाळा यांपैकी काही भाग अनेक नियमावल्यांत हिशेबाबाहेर ठेवले जातात आणि त्यामुळे कागदावर बसणारे घर प्रत्यक्षात त्याहून बरेच अवाढव्य दिसते. लॉस एंजेलिस शहराने भूखंडाच्या प्रमाणात घराच्या आकारावर मर्यादा घालणारा नियम 2008 मध्ये केला. मात्र त्यात ठेवलेल्या वाढीव क्षेत्रफळाच्या सवलतींमुळे तो अपुरा पडला आणि 2017 मध्ये तो अधिक कडक करावा लागला. तेव्हा मुख्य नियमाइतकेच लक्ष सवलतींच्या कलमांकडे द्यावे, आणि मालकाने नियमातून सूट मागितली असेल तर हरकतीचा सर्वाधिक भर तिथेच ठेवावा. सूट हा मालकाचा हक्क नसतो, ती का हवी हे त्यालाच पटवून द्यावे लागते.

उंचीच्या बाबतीत एक प्रश्न अवश्य विचारावा: ती कोठून मोजली आहे? जमिनीच्या मूळ पातळीपासून, भराव घातल्यानंतरच्या पातळीपासून, की जोत्याच्या वरच्या कडेपासून? भूखंडावर मीटरभर भराव घालून त्यावर उंच जोते घेतले, तर नियमात नऊ मीटर दिसणारे घर शेजारच्या अंगणातून पाहताना साडेदहा मीटरचे भासते. म्हणून नकाशातील उभ्या छेदात, म्हणजे घर वरून खाली कापल्यासारखे दाखवणाऱ्या आकृतीत, आपल्या अंगणाची पातळी दाखवण्याची मागणी लेखी करावी.

उजेडाचा मुद्दा ‘आमच्याकडे अंधार होईल’ एवढ्यावर सोडू नये, कारण सावली आधीच मोजता येते. उत्तर गोलार्धात वर्षातील सर्वांत लांब मध्यान्हसावली 21 किंवा 22 डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे पडते. त्या वेळी सूर्याची उंची काढण्यासाठी नव्वद अंशांतून आपले अक्षांश आणि आणखी साडेतेवीस अंश वजा करावेत. चाळीस अक्षांशावर सूर्य त्या दिवशी दुपारी केवळ साडेसव्वीस अंश वर असतो आणि दहा मीटर उंच भिंतीची सावली सुमारे वीस मीटर लांब पडते. वीस अक्षांशावर तीच सावली साडेनऊ मीटरच्या आसपास राहते. आपल्या खिडकीपासून नव्या भिंतीचे अंतर या लांबीशी ताडून पाहिले, की हरकतीला आधार मिळतो. जपानने 1976 मध्ये इमारत कायद्यात बदल करून ठराविक विभागांत उंच बांधकामाची सावली शेजारच्या जमिनीवर किती तास पडू शकते यावर मर्यादा आणली आणि ती हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या आधारेच ठरवली जाते. आपल्याकडे असा नियम नसला, तरी त्याच दिवसाची सावली काढून दाखवण्याची विनंती वास्तुविशारदाला करता येते.

खासगीपणासाठी मागणी थोडक्यात आणि नेमकी असावी. समोरासमोर येणाऱ्या खिडक्यांची जागा बदलावी, न्हाणीघर व जिन्याच्या खिडक्यांना अपारदर्शक काच बसवावी, गच्चीच्या त्या बाजूला पुरेसा उंच कठडा घ्यावा, एवढे पुरते.

पाण्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते दीर्घकाळ छळणारा त्रास तोच असतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. पूर्वी शंभर चौरस मीटर छप्पर आणि उरलेली माती असलेल्या भूखंडावर आता छप्पर व फरशी मिळून दोनशे चाळीस चौरस मीटर झाले, तर पन्नास मिलिमीटर पावसात सात हजार लिटर पाणी मातीऐवजी कठीण पृष्ठभागावर पडते. त्यातले जे पूर्वी मुरत होते, ते उताराने खालच्या अंगणात येण्याची भीती असते. म्हणून पन्हळींचे पाणी कोठे सोडणार, शोषखड्डा कोठे व किती क्षमतेचा असणार आणि कुंपणालगत उतार कोणत्या बाजूला ठेवणार, हे नकाशावर दाखवावे, अशी मागणी करावी.

खोदकामाची काळजी सर्वांत आधी घ्यावी. नवा पाया किंवा तळघर आपल्या पायापेक्षा खोल जाणार असेल, तर आपल्या पायाखालच्या मातीचा आधार सुटू शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या सामाईक भिंतीविषयीच्या कायद्यानुसार शेजारच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असल्यास किमान एक महिना आधी नोटीस द्यावी लागते. असा कायदा नसेल तेथेही काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मिळून घराची पाहणी करावी. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ ओढून बाजूला तारीख लिहावी, भेगेवर मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे आणि त्या नोंदीवर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. पुढे भेग रेघेच्या पलीकडे गेली, तर जुनी कोणती आणि नवी कोणती हा वाद उरत नाही. बांधणाऱ्यावरही खोटा ठपका येत नाही.

एवढी तयारी झाली, की आधी शेजाऱ्याशी बोलावे. लेखी हरकत थेट कार्यालयात पोहोचली, तर मनात अढी बसते आणि पुढची कित्येक वर्षे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहायचे असते. बोलण्यात किंवा पत्रात विनंती अशी असावी: “आपल्या दुसऱ्या मजल्याची आमच्या बाजूची भिंत दीड मीटर मागे घेतल्यास आमच्या स्वयंपाकघराला हिवाळ्यातील सकाळचा उजेड मिळत राहील, त्यासाठी आपले खोल्यांचे क्षेत्रफळ इतरत्र कसे भरून निघेल, याचा विचार आपल्या वास्तुविशारदांसोबत बसून करण्याची आमची तयारी आहे.” वरचा मजला मागे घेणे ही एकच गोष्ट मिळणार असेल, तर तीच मागावी, कारण तिने उजेड, खासगीपणा आणि भिंत अंगावर आल्यासारखी वाटणे हे तिन्ही प्रश्न एकदम सौम्य होतात.

बोलण्यातून मार्ग निघाला नाही, तर हरकतीची मुदत पाहून लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. दहा घरांनी एकाच मजकुराखाली सह्या करण्यापेक्षा, ज्यांच्यावर प्रत्यक्ष परिणाम होतो अशा दोन-तीन घरांनी आपापले अंतर, आपापली खिडकी आणि संबंधित नियमाचे कलम लिहून स्वतंत्र हरकती देणे अधिक परिणामकारक ठरते. मालमत्तेची किंमत घटेल किंवा दृश्य अडेल, हे मुद्दे अनेक नियोजन व्यवस्थांत विचारात घेतले जात नाहीत, ते गाळावेत. मालकाच्या कुटुंबाविषयी किंवा त्याच्या पैशाविषयी एकही शब्द लिहू नये.

मंजुरीनंतर मंजूर नकाशाची प्रत आणि त्यातील अटी जवळ ठेवाव्यात. जोते पूर्ण होईल त्याच आठवड्यात कुंपणापासूनचे अंतर आणि जोत्याची उंची मालकासमक्ष मोजावी, आणि तफावत आढळल्यास पहिल्या मजल्याचे काम सुरू होण्यापूर्वी छायाचित्रांसह लेखी तक्रार करून प्राधिकरणाकडून जोत्याची तपासणी मागावी.