मिशिगन की बर्कली? आउट-ऑफ-स्टेट ॲडमिशन ठरवताना काय बघायचं

मार्च संपत आला की इथे अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो, फक्त पोराचं नाव बदलतं. मिशिगन पण मिळालंय आणि बर्कली पण, आम्ही राहतो न्यू जर्सीत, काय करावं? खाली ढीगभर रिप्लाय, निम्मे "अभिनंदन!!" आणि उरलेले रँकिंगचे स्क्रीनशॉट. तिकडे पुण्याहून आजोबा विचारतात, अरे वरचं कुठलं त्यातलं?

आजोबांचं उत्तर आधी देऊन टाकते. दोन्ही वरचीच. देशातल्या पहिल्या काही पब्लिक युनिव्हर्सिटींत दोन्ही येतात, दोन्हीकडे मोठ्या कंपन्या मुलं घ्यायला येतात, एका यादीत हे दोन नंबर वर असेल तर दुसऱ्या यादीत ते. तेवढ्या फरकासाठी एक डॉलरही जास्त मोजू नका. मोजायचं ते वेगळंच आहे.

पब्लिक युनिव्हर्सिटी म्हणजे त्या राज्याच्या टॅक्सवर उभी राहिलेली, त्यामुळे सीट, सवलत, ग्रँट सगळ्यात त्या राज्यातली मुलं आधी आणि आपण तिथे पूर्ण पैसे भरणारे पाहुणे. हे एकदा मान्य केलं की पुढचं बरंच सोपं होतं. मिशिगनची गो ब्लू गॅरंटी (ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांना ट्यूशन माफ) ऐकून लोक खूश होतात, पण ती फक्त मिशिगनच्या रहिवाशांसाठी आहे. यूसीमध्ये, म्हणजे बर्कली जिच्यात येते त्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, राज्याबाहेरच्या मुलांना यूसीची स्वतःची गरजेवर आधारित ग्रँट साधारण मिळतच नाही. सगळ्या पब्लिक युनिव्हर्सिटी अशा नाहीत बरं का, व्हर्जिनिया म्हणजे यूव्हीए आणि चॅपल हिलची यूएनसी या दोघी राज्याबाहेरच्या अमेरिकन मुलांचीही सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवतात, त्यामुळे तुमचं उत्पन्न मध्यम असेल आणि यादीत यातली एखादी असेल तर पहिलं तिचं एड लेटर, म्हणजे आर्थिक मदतीचं पत्र, उघडा. पण आज आपल्यासमोर मिशिगन आणि बर्कली आहेत.

तर एक्सेल उघडा (बाबा लोकांनी उघडलेलंच असतं). आणि एका वर्षाचा आकडा टाकून बंद करू नका, चार रकाने करा. दोन्हीकडे राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो, म्हणून लोक म्हणतात सारखंच तर आहे. सारखं नाहीये. यूसीमध्ये २०२२ पासून अशी पद्धत आहे की ज्या वर्षी मूल आत येतं त्या वर्षीची ट्यूशन सहा वर्षांपर्यंत गोठते, बाहेरच्यांसाठी जी वरची फी असते ती पण त्यात धरून. ही वरची फी २०२५ च्या फॉलला नव्याने आलेल्यांसाठी ३७,६०२ डॉलर होती, नेहमीच्या ट्यूशनच्या वर! दुखतं, पण निदान पुढची तीन वर्षं तेवढीच राहते. मिशिगनचं उलट आहे. तिथे दर वर्षी साधारण जूनमध्ये रीजंट्स, म्हणजे युनिव्हर्सिटीचं नियामक मंडळ, पुढच्या वर्षाची ट्यूशन ठरवतं आणि तुम्ही हो म्हणता १ मेला, म्हणजे पहिल्या वर्षाचा नक्की आकडा कळायच्या आधीच डिपॉझिट भरलेलं असतं. शिवाय तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा दर पहिल्या दोन वर्षांपेक्षा जास्त, आणि इंजिनियरिंग, रॉस (बिझनेस स्कूल) यांचे दर आणखी वेगळे. पोराच्या कॉलेजचा अप्पर डिव्हिजनचा आउट-ऑफ-स्टेट दर वेबसाइटवर शोधा आणि तिसऱ्या-चौथ्या रकान्यात तो टाका, वर दर वर्षी थोडी वाढ धरा. मग खालची बेरीज बघा.

त्याच शीटमध्ये तिसरी ओळ घाला, आपल्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीची. पोरगं नाक मुरडेल, मुरडू दे. रटगर्सची इन-स्टेट ट्यूशन आणि फी २०२४-२५ ला साधारण १८ हजार डॉलर होती, राहण्याचा खर्च धरला तरी चार वर्षांत दीड लाख डॉलरच्या वर फरक पडतो. तेवढे पैसे ५२९ मध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, साठलेले असतील आणि धाकटीचं पण ठरलेलं असेल तर खुशाल पाठवा, मी अडवणारी कोण. पण कर्ज काढून जाणार असाल तर हे आकडे बघा: मुलाच्या स्वतःच्या नावावर फेडरल लोन पहिल्या वर्षी फक्त ५,५०० मिळतं, चार वर्षांचं मिळून २७ हजार. बाकीचं आईबाबांच्या डोक्यावर, आणि पॅरेंट प्लसला (आईबाबांच्या नावावरचं फेडरल लोन) पण १ जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार अशी मर्यादा आहे. म्हणजे उरलेला खड्डा प्रायव्हेट लोनने भरायचा, को-साइन करून, आणि नेमकं तेव्हा बाबांचं वय पन्नाशीला टेकलेलं असतं.

आणि "एक वर्ष तिकडे राहिला की इन-स्टेट होईल ना" हे डोक्यातून काढून टाका. कॅलिफोर्नियात २४ च्या आतल्या मुलाचे आईवडील राज्याबाहेर असतील तर नुसतं ३६६ दिवस राहून भागत नाही, तो आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे हे दाखवावं लागतं. ज्याची फी आपण भरतोय, इन्शुरन्स आपला आहे, टॅक्समध्ये डिपेंडंट म्हणून आपण दाखवतोय, तो कसला स्वतंत्र.

पैशाचं झालं. आता ॲडमिशन लेटर हातात घ्या, आणि वरचं "काँग्रॅच्युलेशन्स" सोडून खालची ओळ वाचा. कुठल्या कॉलेजमध्ये, कुठल्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला? माझ्या मते अख्ख्या निर्णयात ही ओळ सगळ्यात मोलाची आहे आणि घरोघरी ती शेवटी वाचली जाते. दोघीही एक युनिव्हर्सिटी दिसत असल्या तरी आत वेगवेगळी कॉलेजं आहेत आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं हल्ली अवघड होत चाललंय, विशेषतः सीएसमध्ये, म्हणजे कंप्यूटर सायन्समध्ये. बर्कलीत सीएस आणि डेटा सायन्स आता २०२३ ला काढलेल्या कंप्यूटिंगच्या नव्या कॉलेजात आहे आणि ईईसीएस (इलेक्ट्रिकल आणि कंप्यूटर एकत्र) इंजिनियरिंगमध्ये. पूर्वी लेटर्स अँड सायन्स या आर्ट्स-सायन्सच्या कॉलेजात शिरायचं, ठरलेले कोर्स चांगल्या ग्रेडने पास व्हायचं आणि सीएस घ्यायचं, असं चालायचं. ते दिवस गेले. आता सुरुवातीलाच सीएसला घेतलं नसेल तर नंतर अर्ज करून रांगेत थांबावं लागतं, सीटा थोड्या. आधी कोणा ओळखीच्याचा मुलगा असाच गेला होता म्हणून आपला पण जाईल, हे धरून चालू नका, तो जुन्या नियमात गेला.

मिशिगनला पण सीएस आता सहज मिळत नाही, तिथेही २०२३ पासून येणाऱ्यांना मेजरमध्ये वेगळं ॲडमिशन लागतं. मेकॅनिकल, एअरोस्पेस वगैरे करायचं असेल किंवा अजून ठरलंच नसेल तर मात्र मिशिगनचं इंजिनियरिंग बरंच मोकळं आहे, आत येऊन वर्षभर बघून ठरवता येतं. आणि सतराव्या वर्षी ठाम ठरलेलं किती जणांचं असतं? म्हणून पोराला एकच प्रश्न विचारा, "समजा हे मेजर नाही आवडलं किंवा नाही मिळालं, तर दुसरं काय घेशील?" आणि ते दुसरं मेजर कुठे सहज मिळतंय ते तपासा. बर्कलीत लेटर्स अँड सायन्स आणि प्लॅन बी "बघू" असेल, आणि मिशिगनमध्ये थेट हव्या त्या मेजरला असेल, तर मी डोळे झाकून मिशिगन म्हणेन. उलट असेल तर बर्कली. नावाकडे बघणार पण नाही.

वर्ग मोठे आहेत, दोन्हीकडे, यात लपवण्यासारखं काही नाही. बर्कलीचा सीएस ६१ए हा कंप्यूटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स एका सेमिस्टरला हजाराच्या वर मुलं घेतो, लेक्चर बरीच जणं रेकॉर्डिंगवरच बघतात आणि खरं शिकणं होतं ते डिस्कशन सेक्शनमध्ये, तिथे शिकवणारा विशीतला टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट. जे पोरगं शाळेत हात वर करून प्रश्न विचारायचं, ऑफिस अवर्सला (शिक्षकांची शंका विचारायची वेळ) जाऊन बसेल, त्याला काही फरक पडत नाही. जे गप्प बसतं आणि कोणी विचारेल याची वाट बघतं, त्याचं पहिलं सेमिस्टर जड जातं. आपलं पोरगं कुठल्या प्रकारातलं ते आपल्याला माहीत असतं, मान्य करायला वेळ लागतो इतकंच. कोर्सला नाव नोंदवण्याचं पण विचारा, वेटलिस्टवर किती दिवस, हवा तो कोर्स किती सेमिस्टर हुकतो. आउट-ऑफ-स्टेटवाल्याला एक सेमिस्टर जास्त लागलं की ते चाळीस हजारांचं लागतं. आणि उलट, एपीचे (शाळेतच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) क्रेडिट नीट लागले आणि सात सेमिस्टरमध्ये सुटला तर तेवढेच वाचतात, तेव्हा दोन्हीकडचं एपी क्रेडिटचं टेबल काढून पोराचे स्कोअर त्याच्यासमोर लिहाच.

राहण्याचं. बर्कलीत घरांची बोंब जुनी आहे, २०२२ मध्ये तर शेजाऱ्यांच्या केसमुळे कोर्टाने विद्यार्थ्यांची संख्याच गोठवली होती, मग राज्याच्या विधिमंडळाने घाईघाईत कायदा बदलला. डॉर्ममध्ये दोघांच्या खोलीत तिघं हा प्रकार सर्रास, दुसऱ्या वर्षी बाहेर अपार्टमेंट शोधायची आणि भाडं सॅन फ्रान्सिस्को बे एरियाचं. मिशिगन जिथे आहे त्या ॲन आर्बरमध्ये भाडं त्यामानाने बरं, पण तिथे वेगळीच गंमत, पुढच्या ऑगस्टच्या घराची शोधाशोध बरीच मुलं आदल्या फॉलमध्येच सुरू करतात, म्हणजे पोरगं कॉलेजात जाऊन दोन महिने होत नाहीत तोच "आई, आम्ही चौघं मिळून घर घेतोय" असा फोन येतो. ज्यांना कालपरवा भेटला त्यांच्याबरोबर वर्षाची लीज! आणि इंजिनियरिंगचे बरेच वर्ग नॉर्थ कॅम्पसला, डॉर्म सेंट्रलला लागला तर रोज निळ्या बसने ये-जा, जानेवारीत पण. थंडीबद्दल न्यू जर्सीवाल्यांना मी काय सांगणार, थोडी जास्त आणि ढगाळ दिवस बरेच जास्त. पोरगं ऊन नसलं की कोमेजतं का, हे मात्र खरंच विचारात घ्या.

अंतर म्हणाल तर न्यू जर्सीतल्या एडिसनहून ॲन आर्बर साधारण ६०० मैल, गादी-उशा-प्रेशर कुकर गाडीत टाकून एका दिवसात पोचता, नेवार्कहून डेट्रॉइटचं विमान दोन तासांचं. बर्कलीसाठी सॅन फ्रान्सिस्कोचं सहा तासांच्या वर. पोरगं आजारी पडलं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत पोचता का, असा विचार करा. आणखी एक, मिशिगनमध्ये जवळपास निम्मी मुलं बाहेरच्या राज्यांतली, न्यू जर्सी-न्यूयॉर्कची तर बरीच, त्यामुळे थँक्सगिव्हिंगला एकत्र येणारी टोळी सापडते. यूसीने २०१७ मध्ये बाहेरच्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, त्यामुळे बर्कलीत बहुतेक जण कॅलिफोर्नियाचेच, लाँग वीकेंडला आपापल्या घरी पळतात. तिकडे मामा-आत्या कोणी फ्रीमॉन्ट-सनीव्हेलला असेल तर गोष्ट वेगळी. बे एरियाचं मंडळ मोठं आहे, २०२४ चं बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन सॅन होजेलाच झालं, डेट्रॉइटला पण चांगलं मंडळ आहे, पण खरं सांगू का, अठराव्या वर्षी मुलं गणपतीला मंडळात जातात ती जेवायला. ते वजन आपण आपल्यासाठी धरतो.

ज्यांची मुलं एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी हे नीट वाचा. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, तुम्हाला लागू नाही, फेडरल लोन नाही. एच-४ वर मुलाला पगारी इंटर्नशिप करता येत नाही आणि वयाच्या २१ व्या वर्षी स्टेटस संपतं, म्हणजे बहुतेकांना मध्येच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावं लागतं. आपल्या राज्यात इन-स्टेट भरत असताना एफ-१ केलं तर बऱ्याच राज्यांत ती सवलत जाऊ शकते, तेव्हा वरच्या शीटमधली ती तिसरी ओळ तुमच्यासाठी खोटी ठरू शकते. तिन्हीकडच्या रेसिडेन्सी ऑफिसला आणि इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या. मंडळातल्या काकांचं ऐकून ठरवू नका, आणि माझं पण.

ॲडमिटेड स्टुडंट डेला गेलात तर टूर गाइडच्या मागे फिरू नका फार, तो छानच सांगणार. पोराला त्याच्या मेजरच्या बिल्डिंगमध्ये एकटं सोडा आणि तुम्ही लांब कॉफी पीत बसा. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्याने विचारावं, गेल्या सेमिस्टरला कुठला कोर्स मिळाला नाही, पहिली इंटर्नशिप कशी मिळाली, करियर फेअरला रांग केवढी होती. आईबाबा शेजारी उभे असले की खरी उत्तरं येत नाहीत. एवढं करूनही दोन्ही सारखी वाटली तर पोराला ठरवू द्या. मिशिगन स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर लोक बसतात, त्याला शनिवारी तिथे ओरडायचं असेल तर ते पण कारणच आहे की, राहायचं त्याला आहे.

ठरलं की १ मेच्या आत एकीकडेच डिपॉझिट भरा, दोन्हीकडे भरून ठेवायचा उद्योग करू नका, आणि दुसरीकडे नकार कळवा, वेटलिस्टवरचं कोणाचं तरी पोरगं ताटकळलेलं असतं. बर्कली घेतली असेल तर उन्हाळ्यात बिलावर शिप नावाचा स्टुडंट इन्शुरन्स आपोआप लागतो, काही हजार डॉलरचा. तुमचा कंपनीचा प्लॅन कॅलिफोर्नियात चालत असेल तर मुदतीच्या आत वेव्हर भरून तो काढता येतो, पण न्यू जर्सीपुरतं नेटवर्क असलेला एचएमओ असेल तर वेव्हर नाकारला जाऊ शकतो, तेव्हा एचआरला जुलैतच विचारून ठेवा.