हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी

गोव्यात पुस्तक लिहावे आणि ते पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे पाठवावे, हा इथल्या अनेक मराठी लेखकांचा मार्ग आहे. तिथे संपादकाच्या टेबलावर ते उघडले जाते तेव्हा समजावून सांगायला लेखक जवळ नसतो. म्हणून त्याने जे तोंडी सांगितले असते ते सगळे आधीच पानांत आलेले असले पाहिजे.

पहिलेच पुस्तक असेल तर ते पूर्ण झाल्याखेरीज पाठवू नये. शेवटचे पान लिहून झाल्यावर महिनाभर ते बाजूला ठेवावे आणि मग मोठ्याने वाचावे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ आणि १९७२ सालचे ४ पूरक असे शुद्धलेखनाचे नियम हाताशी असावेत. ऱ्हस्व-दीर्घ मुद्रितशोधक पाहील, असे म्हणून ते काम सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

गोव्याच्या लेखनात भाषेचा प्रश्न अधिक नाजूक असतो आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. आपल्या पात्रांच्या तोंडी कोकणी येणारच आणि ती यावीही. परंतु पदेर (पाववाला), भाटकार (जमीनदार), मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) हे शब्द विदर्भातल्या वाचकाला प्रसंगातूनच उमगतात की नाही, हे गोव्याबाहेरच्या एखाद्या स्नेह्याला वाचायला देऊन पाहावे, आणि जे उमगत नाहीत तेवढ्यांचीच शब्दसूची शेवटी जोडावी. एका ठिकाणी म्हापसा आणि दुसऱ्या ठिकाणी म्हापशे, किंवा एकच गृहस्थ कधी फर्नांडिस आणि कधी फेर्नांदिश, असे होऊ नये म्हणून ग्रामनामांची, आडनावांची आणि पोर्तुगीज शब्दांची स्वीकारलेली रूपे एका कागदावर लिहून तो कागद हस्तलिखितासोबत पाठवावा. तारखाही पडताळाव्यात. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावरचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा आणि घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ चा. कथानकातील पात्रांची वये या तारखांशी जुळली पाहिजेत. शंका असेल तिथे पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस घालवावा.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. माझे पहिले हस्तलिखित मी जुन्या फॉन्टमध्ये पाठवले होते. प्रकाशकाच्या संगणकावर त्याची निरर्थक चिन्हे झाली आणि दोन महिन्यांनी मी चौकशी केली तेव्हाच ते मला कळले. तेव्हापासून मी वर्ड फाइलसोबत पीडीएफही पाठवते. ओळींत मोकळे अंतर, रुंद समास, सलग पृष्ठांक आणि पहिल्या पानावर नाव, पत्ता, दूरध्वनी व एकूण शब्दसंख्या असावी. मुखपृष्ठाचे चित्र मात्र जोडू नये. एकमेव प्रत कोणाच्याही हाती देऊ नये, साहित्य संमेलनात भेटलेल्या आपुलकीच्या प्रकाशकाच्याही नाही.

कोणाकडे पाठवायचे हे त्या प्रकाशकाची गेल्या काही वर्षांची पुस्तके पाहून ठरवावे. सोबतचे पत्र एका पानाचे, संपादकाचे नाव अचूक लिहिलेले. त्यात पुस्तकाचा विषय, आवाका आणि आपले पूर्वीचे लेखन एवढेच असावे, कोणाच्या शिफारशीचा उल्लेख नको. कादंबरी असेल तर शेवटासह गोषवारा द्यावा, कारण संपादकापासून शेवट लपवण्यात काही अर्थ नसतो. मराठीत लेखक सहसा थेट प्रकाशकाशीच व्यवहार करतो. इंग्रजी अनुवादासाठी एजंटकडे जायचे झाल्यास, तो लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के घेतो आणि वाचनाचे पैसे आगाऊ मागणारा टाळावा, हे ध्यानात ठेवावे.

एकाच वेळी दोघांकडे पाठवले असेल तर दोघांनाही तसे कळवावे. दिवाळीच्या तोंडावर, अंकांच्या धांदलीत, उत्तराची अपेक्षा धरू नये. तीन महिन्यांनी एक विनम्र स्मरणपत्र पुरे. नकार आला तर आभाराच्या दोन ओळी लिहाव्यात, वाद घालू नये.

होकार आल्यावर करारपत्र घरी आणून सावकाश वाचावे. प्रताधिकार सोपवण्याचा करार लेखी आणि स्वाक्षरीसह असावा लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार ती ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर भारत धरला जातो. म्हणून मुदत, प्रतींची संख्या, स्वामित्वधनाची टक्केवारी आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे राहणार, या चारही गोष्टी स्वाक्षरीपूर्वी लिहून घ्याव्यात.