दसरा काढताना कपड्यांचं कपाट कसं आवरायचं

आमच्याकडे दसरा काढायचा म्हणजे आधी भांडी, मग पडदे, मग अंथरुणं-पांघरुणं आणि कपड्यांचं कपाट कायम सगळ्यात शेवटी. तोवर घरातले सगळे दमलेले असायचे, त्यामुळे दार उघडायचं, वरवर नीटनेटकं करायचं आणि बंद करायचं. मग एका वर्षी आईचा लग्नातला शालू बाहेर काढला, उलगडला, आणि जिथे वर्षानुवर्षं एकच घडी होती तिथे जरीच्या काठापाशी रेशीम सरळ रेषेत चिरलेलं निघालं. हात लावला तसं अजून थोडं सुटलं. रफूवाल्याने बघून सांगितलं की इथे टाका धरणार नाही. तेव्हापासून मी कपाट सगळ्यात आधी घेते, आणि कसं ते सविस्तर लिहिते कारण हे नुकसान खरंच टाळता येतं.

पहिली गोष्ट, पावसाने चांगली उघडीप दिल्याशिवाय सुरुवात करू नका. मुंबई, कोकण, गोवा इकडे हवेतला ओलावाच एवढा असतो की दमट दिवशी आवरलेलं कपाट म्हणजे आत ओल कोंडून ठेवलेलं कपाट. कोरडं ऊन पडलं की दोन दिवस दारं उघडी टाका, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा, मागे बुरशी धरलेली असते ती पुसून घ्या.

दुसरं म्हणजे सगळं कपाट एकदम पलंगावर ओतू नका, व्हिडिओत छान दिसतं पण रात्री झोपायला तोच पलंग लागतो आणि मग सगळं कोंबून परत आत जातं. एका दिवशी एकच कप्पा घ्या. जुनी चादर अंथरा आणि ढीग करा: ठेवायचे, दुरुस्तीचे, द्यायचे, आणि चौथा ढीग ज्याचे कपडे त्याला विचारायचे. हा चौथा ढीग फार महत्त्वाचा आहे, नवऱ्याचा जुना शर्ट किंवा सासूबाईंची साडी आपण परस्पर देऊन टाकायची नाही, त्यावरून मनं दुखावतात.

रोजच्या कपड्यांना मी एकच प्रश्न विचारते, गेल्या दिवाळीपासून एकदा तरी अंगावर चढला का? नसेल तर घालून बघायचा, नुसता हातात धरून ठरवायचं नाही. ब्लाऊज घट्ट होत असेल तर लगेच द्यायच्या ढिगात टाकू नका, उलटा करून आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती ठेवलीय ते बघा, अर्धा-पाऊण इंच माया असेल तर टेलर उसवून सैल करून देतो. दुरुस्तीचा ढीग मात्र त्याच आठवड्यात टेलरकडे गेलाच पाहिजे, पिशवीत भरून दारामागे टांगला की पुढच्या दसऱ्यालाच सापडतो.

आता खरी अडचण. आपल्या घरात कपाट खरेदीने जेवढं भरतं त्याहून जास्त मानापानाने भरतं असं माझं मत आहे. ओटीतले ब्लाऊजपीस, मुंजीतल्या टॉवेल-टोप्या, पँट-शर्टपीस, आहेराच्या साड्या. टाकवत नाही कारण कोणीतरी प्रेमाने दिलेलं असतं, वापरवत नाही कारण रंग-पोत आपला नसतो. यासाठी मी एक खोका वेगळा केलाय, तो कपाटात नाही, पलंगाच्या खालच्या कप्प्यात. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावते, कोणाकडून आणि कुठल्या कार्यात, म्हणजे पुढे कोणाला देताना त्याच घरी परत जात नाही. खोका भरला की नवीन खोका काढायचा नाही, असलेलं वाटायचं. सुती ब्लाऊजपीस चांगले असतील तर धुवून, रंग जातो का बघून, रोजच्या साड्यांसाठी पिशव्या शिवून घ्या. फार उपयोगी पडतात.

द्यायचे कपडे धुवून, बटणं लावून द्या. गूंजसारख्या संस्था वापरण्याजोगे कपडे घेतात, बोहारीण येत असेल तर तीही घेते, आणि मऊ झालेल्या सुती साड्या तर कोणालाच देऊ नका, तीन-चार साड्यांची गोधडी होते! फाटकं ते फडक्यांना.

रेशमी आणि जरीच्या साड्यांवर जास्त वेळ घालवा. नेसलेली साडी घामासकट आत ठेवायची नाही, सावलीत वाऱ्यावर रात्रभर टाका. उन्हात नको, रंग विटतो. परफ्यूम जरीवर उडला तर जर काळी पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते म्हणून पांढऱ्या मलमलीत किंवा जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा, खळ नसलेल्या, कारण खळीला कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, लागते. हेच सुती साड्यांचं, पावसाळ्याआधी खळ धुवून काढा आणि नेसायच्या वेळी परत घाला. पैठणी, शालू असलं जड काम हँगरवर लटकवू नका, वजनाने कापड ओढलं जातं. आणि ब्लाऊज रेशमी साडीच्या घडीत ठेवायची सवय असेल तर मोडा. हुक गंजतात आणि त्याचा तांबूस डाग साडीवर उतरतो, तो निघता निघत नाही.

डांबराच्या गोळ्यांबद्दल: थेट कपड्यावर ठेवू नका, फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा, जरीपासून लांब. लहान बाळाच्या कपड्यांत तर अजिबातच नको, काही बाळांना त्या वासाने, स्पर्शाने रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. मी वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि लवंगा पुरचुंडीत बांधते, दोन-तीन महिन्यांनी बदलते.

मांडणी सोपी आहे. डोळ्यांपासून कमरेपर्यंतची जागा रोजच्या कपड्यांची, वर स्वेटर आणि प्रवासाचं, खाली जड. मुलांचा कप्पा त्यांच्या हाताला येईल असा, मग ती स्वतः ठेवतात. टीशर्ट, कुर्ते यांच्या घड्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावा, खालचा ओढताना वरचे कोसळत नाहीत. रोजच्या साड्या हँगरवर घातल्या तर खाली दोनेक फूटच उतरतात, त्याखाली एक फळी टाकून घेता येते. आणि एकदा घातलेला पण धुवायला टाकायचा नाही असा कपडा असतोच, त्याला दाराच्या आत तीन-चार खुंट्या द्या, नाहीतर तो खुर्चीवर जातो आणि त्याच्यामागे सगळे जातात.

शेवटचं, कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवा. त्यावर जरीच्या प्रत्येक साडीचं नाव आणि घडी कधी बदलली ती तारीख. दर तीन महिन्यांनी उलगडायची, आधी जिथे मोडली होती तिथे न मोडता चार बोटं सरकवून घडी घालायची, एकदा जरीची बाजू आत, एकदा बाहेर. माझ्या कागदावर सगळ्यात वर आईचा शालू आहे, जेवढा उरलाय तेवढा, आणि आता तो घडी न घालता मलमलीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीवर गोल करून ठेवलाय.