पहिल्याच फटक्यात ब्लाऊज नको: शिवण शिकताना या चुका टाळा

शिलाई मशीन घरी आलं की पहिला विचार येतो ब्लाऊजचा. त्यात टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या), मुंढा (बाही जोडायची गोलाई), बाही, गळा, हुकपट्टी असं सगळं एकदम अंगावर येतं. टीप अजून सरळ पडत नसताना बाही जोडायला घेतली की मुंढ्याला चुण्या पडतात, दोनदा उसवल्यावर कापड विरतं आणि मशीनवर कव्हर चढतं ते कायमचंच. त्यापेक्षा आधी उशीचा अभ्रा शिवा. चार सरळ टिपांत काम संपतं, आणि वाकडी गेलेली टीप उशीच्या मागे जाते.

कापड मांजरपाट किंवा सुती पॉपलिन घ्या. सॅटिन आणि जॉर्जेट घसरतात, शिवताना वरचा थर पुढे सरकतो आणि टोकं जुळत नाहीत. त्यात शिकणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. कापण्याआधी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

१७ × २७ इंचांच्या उशीला १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब तुकडा लागतो. ३६ पन्ह्यातून, म्हणजे ३६ इंच रुंदीच्या कापडातून, दोन अभ्रे बसवायचा हिशोब धुतल्यावर हमखास फसतो. ४४ पन्ह्याचं पावणेदोन मीटर कापड घ्या, दोन्ही निघतात. आखूड कडा आधी पाव इंच, मग पाऊण इंच दुमडून टीप मारा. उरली लांबी ६० इंच. आता सुलट बाजू वर ठेवून कापड पसरा आणि दोन्ही टोकं साडेसोळा-साडेसोळा इंच आत दुमडा. मधे ६ इंच एकावर एक येतील. उघड्या दोन्ही कडा अर्धा इंच आत शिवा आणि अभ्रा उलटवून सुलट बाजू बाहेर काढा. पसरताना उलट बाजू वर राहिली, तर शिवण बाहेर येते. टोकं एकावर एक येतात तिथे टीप दुहेरी हवी, कारण उशी घालताना सगळा ताण तिथेच पडतो. आतल्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून जवळच्या टेलरकडून इंटरलॉक (कडेवर गुंफलेली शिलाई) करून घ्या.

दोरा गुंततो, तुटतो, टाका सुटतो

कापडाखाली गुंता झाला की सगळे बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळ बसते त्या डबीचा, स्क्रू फिरवतात. तो आधी सोडून द्या. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला, तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही, सैल राहतो आणि खाली फासे पडतात. फूट वर उचलून पुन्हा पहिल्यापासून ओवा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार इंचांची टोकं मागे धरून ठेवा. उलट, बॉबिनचा दोरा वर दिसत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे. अर्धा फेरा सैल करून चिंधीवर बघा.

टाके सुटत असतील तर सुई बघा. तिला एका बाजूने लांब खाच असते; दोरा त्याच बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाका धरतच नाही. सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११, जीन्सला १६. शिवताना टकटक आवाज आला की सुई बोथट झाली समजा. टाका इंचाला १० ते १२ ठेवा.

कापड मागून ओढू नका. ते सरकवायला खालचे दाते आहेत. ओढल्यावर सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. पायमशीनचं चाक उलटं फिरलं तरी दोरा तुटतो, म्हणून सुरुवातीला दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर सुई चालवून पायाला सवय लावा. त्यासाठी जुनी सुई लावा, कागदाने सुई बोथट होते. तेल फक्त मशीनचंच घाला. खोबरेल तेल कालांतराने चिकट होतं आणि मशीन जड चालतं.

अभ्र्यानंतर कापडी पिशवी, मग कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा तुकड्यांचा) परकर. पिशवीच्या पट्ट्यांपाशी कापडाचे थर वाढतात, तिथे चाक हाताने फिरवा. परकरात कळीची सरळ कड शेजारच्या कळीच्या तिरक्या कडेला जोडतात. तिरकी कड ताणली जाते, म्हणून कमरेकडून शिवत खाली या. वाढलेलं कापड खाली घेरापाशी येतं आणि तिथे कापून टाकता येतं.