कर्नलमधील एंट्रॉपी आणि रँडम संख्या: या चुका टाळा

हिंजवडीत सर्व्हर सांभाळणारे असोत किंवा भोसरीत लिनक्सवर चालणारी छोटी उपकरणे बनवणारे असोत, ‘एंट्रॉपी संपली तर?’ ही चिंता दोघांनाही सारखीच असते. एंट्रॉपी म्हणजे रँडम संख्यांसाठी जमवलेली अनिश्चितता; ही चिंता बहुतांशी अनाठायी आहे. इंटरप्टच्या (हार्डवेअरकडून येणाऱ्या संकेतांच्या) वेळांसारख्या अनिश्चित घटनांतून लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, एकदा 256 बिट जमले, की त्यावरून चाचा20 या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने हव्या तितक्या रँडम संख्या काढता येतात. म्हणूनच 2020 मधील कर्नलच्या 5.6 आवृत्तीपासून ‘/डेव्ह/रँडम’ ही रँडम संख्या देणारी फाइल एकदा सज्ज झाल्यावर पुन्हा अडत नाही. नव्या कर्नलवर उपलब्ध एंट्रॉपी 256 वरच थांबलेली पाहून हॅवेजेड हा एंट्रॉपी पुरवणारा प्रोग्राम बसवण्याचा सल्ला आजही दिला जातो, पण तो आकडा टंचाईचा नसून साठा पूर्ण भरल्याचा आहे.

खरा धोका पहिल्या बूटच्या वेळी असतो. कीबोर्ड नाही, फिरती डिस्क नाही, नेटवर्क नुकतेच जोडले जात आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी उपकरण सुरक्षित संपर्कासाठी स्वतःची एसएसएच किंवा टीएलएस की (किल्ली) तयार करते. ‘/डेव्ह/यूरँडम’ ही दुसरी फाइल अशा वेळी साठा सज्ज होण्यासाठी न थांबता उत्तर देते. दोन उपकरणांची स्थिती तेव्हा सारखी असेल, तर आरएसए पद्धतीच्या कीसाठी लागणाऱ्या दोन मूळ संख्यांपैकी पहिली दोघांचीही एकच निघते; दुसरी काढेपर्यंत थोडी एंट्रॉपी मिसळली गेली तर ती मात्र वेगळी येते. मग दोन्ही सार्वजनिक कींचा मसावि काढला, की दोघांच्याही खासगी की उघड होतात, आणि इंटरनेटवर अशा की प्रत्यक्ष वापरात असल्याचे 2012 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा ‘गेटरँडम’ हा सिस्टिम कॉल वापरावा, कारण साठा सज्ज होईपर्यंत तो थांबतो. त्यामुळे सेवा सुरू व्हायला वेळ लागला, तर यूरँडमकडे वळू नये. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, साठा सज्ज झाल्याचे सांगणारी ‘सीआरएनजी इनिट डन’ ही ओळ किती सेकंदांनी येते ते पाहावे आणि चिपमधील हार्डवेअर आरएनजीचा (रँडम संख्या देणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर चालू आहे का, ते तपासावे.

दुसरी चूक इमेजची. तयार इमेजमध्ये (अनेक यंत्रांवर उतरवायच्या सिस्टिमच्या प्रतीमध्ये) यंत्राची ओळख पटवणारी एसएसएच होस्ट की, यंत्राचा ओळखक्रमांक म्हणजे मशीन-आयडी आणि सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची रँडम-सीड (रँडम संख्यांचे बियाणे) फाइल तशीच राहिली, तर त्या इमेजवरून बनलेले प्रत्येक यंत्र तोच वारसा घेऊन निघते. म्हणून इमेज गोठवण्यापूर्वी होस्ट की आणि सीड काढून टाकावी आणि मशीन-आयडी रिकामा करावा. व्हर्च्युअल मशीनला व्हर्टिओ-आरएनजी, म्हणजे मूळ यंत्राकडून रँडम संख्या मिळवून देणारे आभासी उपकरण, जोडणे केव्हाही चांगले.

‘/डेव्ह/रँडम’मध्ये काही लिहिल्याने ते साठ्यात मिसळते, पण एंट्रॉपी म्हणून मोजले जात नाही, हेही लक्षात असू द्यावे.

संख्या रँडम आहेत का, हे ठरवायला सांख्यिकीय चाचण्यांवर विसंबणे ही चूक मला सर्वांत घातक वाटते. डेबियन या लिनक्स वितरणातील ओपनएसएसएल या की बनवणाऱ्या लायब्ररीत 2006 ते 2008 या काळात बियाण्यात जवळपास केवळ प्रोसेस क्रमांकच उरला होता, तरीही बाहेर पडणाऱ्या संख्या दिसायला निर्दोषच होत्या. चाचण्यांऐवजी नव्याने फ्लॅश केलेले अनेक बोर्ड एकदम चालू करावेत, त्यांच्या होस्ट कींचे फिंगरप्रिंट जुळवून पाहावेत आणि आरएसए की असतील तर त्यांचे मसाविही काढावेत.